पेट्रोल कुणाचं, रस्ता कुणाचा?



गेल्या १४ एप्रिलच्या मोटारसायकल रॅलीत मी होतो. मावसभावाच्या गाडीवर मागं बसून, हातात निळा झेंडा. चौकात एका बिल्डरची माणसं उभी. पेट्रोलचं कुपन घ्या म्हणाली, टी-शर्ट घ्या, फक्त तो अंगात घाला. मी घेतलं. घातलंही. घरी येऊन आरशात बघतो तर छातीवर बाबासाहेब एवढेसे आणि बिल्डरचं नाव हे एवढं मोठं! च्यायला, दिवसभर मी ओरडत होतो कुणाच्या नावानं आणि जाहिरात करत होतो कुणाची?

तेव्हापासून मी मोठमोठ्या मोटारसायकल रॅल्यांबद्दल मिळेल ते वाचतोय. या धंद्याची पंढरी अमेरिकेत आहे. साउथ डकोटा राज्यात स्टर्जिस नावाचं गाव, वस्ती जेमतेम सात हजार. १९३८ साली तिथल्या एका मोटारसायकल विक्रेत्यानं क्लबातल्या दोस्तांना घेऊन शर्यत भरवली. नऊ जण धावले. बघायला थोडी माणसं. संपली रॅली. २०१५ साली त्याच गावात पंचाहत्तरावी रॅली झाली, तेव्हा नगरपालिकेच्या अंदाजानं ७ लाख ३९ हजार माणसं आली.

माणसं आली म्हणजे बाजार आला. त्याच २०१५ साली हार्ले-डेव्हिडसन कंपनीनं गावाशी करार केला : रॅलीची अधिकृत मोटारसायकल आमची. किती वर्षं? पंच्याहत्तर! आज जन्मलेलं पोर म्हातारं होईल, तरी करार चालूच. दुसऱ्या एका कंपनीनं तर 'स्टर्जिस' हे गावाचं नावच ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं, आणि त्याच भागातल्या दुकानदाराला ते नाव मालावर छापल्याबद्दल कोर्टात खेचलं. या नावाची मालकी सिद्ध होत नाही, असं सांगायला अपील कोर्टाला २०१८ साल उजाडलं. हार्लेवाल्यांनी १९९४ साली इंजिनाच्या आवाजावरसुद्धा हक्क मागितला होता. २००० साली तो नाद सोडला. उद्या धुराचाही सातबारा मागतील.

आणि विकतात काय? बंड! १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटारसायकलवाल्यांनी दंगा केला. त्यांत महायुद्धावरून परतलेली, घरात-कारखान्यात जीव न रमणारी पोरं होती. पांढरपेशी अमेरिका घाबरली. मग १९५३ साली त्यावर सिनेमा निघाला, मार्लन ब्रँडोनं कातडी जाकीट घातलं, आणि बाजाराला कळलं की बंडापेक्षा बंडाचं जाकीट जास्त खपतं. आज वर्षभर कचेरीत साहेबी करणारा माणूस ऑगस्टात दहा दिवस हजारो डॉलर मोजून बंडखोर होतो. अकराव्या दिवशी पुन्हा टाय.

इथवर वाचून मी नुसता हसलो असतो. पण ही रॅली भरते कुठल्या जमिनीवर, ते बघा.

स्टर्जिस आहे ब्लॅक हिल्सच्या कुशीत. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात अमेरिकी सरकारनं हे डोंगर लाकोटा लोकांचे म्हणून लिहून दिले. १८७४ साली सोनं सापडलं. १८७७ साली कायदा करून डोंगर काढून घेतले. पुढच्याच वर्षी तिथं लष्कराचा तळ पडला. गावाला नावही लष्करी अधिकाऱ्याचंच. १९३८ चा तो विक्रेता गाड्या विकायचा त्या 'इंडियन' नावाच्या, पिसांचा टोप घातलेल्या मूळनिवाशाचं डोकं हे त्या कंपनीचं चिन्ह. क्लबाच्या नावात 'जिप्सी'. ज्यांना हाकललं त्यांचीच नावं माल खपवायला! हे आपल्याला नवं आहे का, दोस्तांनो?

गावाबाहेर बेअर ब्यूट नावाचा डोंगर आहे. लाकोटा, शायान आणि इतर जमाती तिथं उपास करायला, एकांतात बसायला जातात. २००६ साली त्याच्या जवळ रॅलीसाठी भलामोठा बार काढायचं ठरलं. जमातींनी विरोध केला, डोंगराशी तळ ठोकला. बिअरचं लायसन्स मिळालंच. एकाच्या स्वातंत्र्याचा स्पीकर दुसऱ्याच्या कानात ओतला गेला.

पण आता मूळ गोष्ट. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ब्लॅक हिल्सच्या लुटीची भरपाई कायम केली, व्याजासकट सुमारे १० कोटी ६० लाख डॉलर. लाकोटांची वस्ती असलेलं पाइन रिज हे अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक. तरी या लोकांनी पैसे घेतले नाहीत. डोंगर विकायला काढलेच नव्हते, तर किंमत कसली घ्यायची? तो पैसा खात्यात पडून आज एक अब्ज डॉलरच्या पुढं गेलाय. अजून कुणी हात लावलेला नाही.

आणि मी? शंभर रुपयांच्या पेट्रोलवर छाती भाड्यानं दिली!

हा बाजार आपल्याकडंही आलाय. गोव्यात २०१३ साली 'इंडिया बाइक वीक' सुरू झाला, तिकीट काढून, कंपन्यांच्या कमानीखालून. तिथं जायची ऐपत आपल्या वस्तीतल्या किती पोरांची? आपली पोरं मोटारसायकल चालवतात ती हप्त्यावर घेतलेली, पाठीवर दुसऱ्याच्या जेवणाचं पार्सल. वर्षभर कंपनीचा शर्ट घालून राबायचं, आणि वर्षातून एकदा आपला रस्ता आपला म्हणायचा, त्या दिवशीही कुणाचा तरी शर्ट?

गाडीचा शौक वाईट असं मी म्हणत नाही. ज्यांच्या बापजाद्यांना रस्त्यावर सावली पाडायची चोरी होती, त्यांच्या पोरांनी इंजिन गरजवत त्याच रस्त्यानं जाणं याला अर्थ आहे. म्हणूनच तो विकायचा नाही. पुढच्या १४ एप्रिलला दहा-वीस रुपये काढू, आपलं पेट्रोल आपण भरू. वीस गाड्या निघाल्या तर वीस. बाकीचे पायी चालतील. बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले तेव्हा कुणाचं कुपन नव्हतं.

तो शर्ट मी फाडून गाडी पुसायला ठेवलाय. तुमचा कुठाय?

जयभीम!