रिकाम्या बंबाखाली जाळ नको!

कार्तिकी पौर्णिमेचे दिवस होते. मन्मथस्वामींच्या यात्रेला कपिलधारला दिंड्या येतात, तशी आमच्या घरीही पाहुण्यांची वर्दळ असते. पहाटे चारपासून अंघोळीला नंबर लागलेले आणि नेमका तेव्हाच गॅस गिझर रुसला! नळ सोडला तरी टिकटिक नाही की जाळ नाही. घरात बारा माणसं, बाहेर थंडी. माझी काय अवस्था झाली असेल, मैत्रिणींनो, तुम्हीच समजा.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने झाकण उघडून पाहिलं. "वहिनी, पाण्याचा जोर कमी पडतोय, म्हणून स्विच लागत नाही. डायरेक्ट करून देतो, दोन मिनिटांचं काम." मी 'हो' म्हणणारच होते. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, रिकाम्या बंबाखाली कुणी जाळ घालतं का?"

खरंच की! आपल्या आया-सासवांनी तांब्याचा बंब वापरला, तेव्हा आधी पाणी बघायचं आणि मगच ढलपी पेटवायची, हा नियम होता. नाहीतर डाख सुटून बंब गळायला लागायचा. गिझरमधला स्विच हेच काम करतो. पाणी पुरेसं वाहिलं, की त्याच्या जोराने पडदा ढकलला जातो, स्विच लागतो, मग ठिणगी आणि गॅस. पाणी थांबलं की गॅस बंद. हा स्विच 'डायरेक्ट' केला, तर नळ बंद केल्यावरही जाळ चालू राहू शकतो. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि नळी फुटू शकते. म्हणजे गिझर बिघडला नव्हता. तो आपल्याला सावध करत होता!

मग पाणी कुठे अडलं ते शोधलं. आधी सेल बदलून पाहिले, फरक नाही. टाकी भरलेली, कॉक पूर्ण उघडा. शेवटी गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून पाण्याच्या नळीचा नट सोडला. आतली बोटभर जाळी पांढऱ्या थराने आणि रेतीने गच्च भरलेली! बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि पाणी तापलं की ते जागोजागी चिकटतात. हंड्याच्या आत बसतो ना, तोच थर. जाळी लिंबाच्या रसात भिजवून जुन्या ब्रशने घासली. शॉवरची भोकंही तशीच साफ केली. गिझर लगेच पेटला. खर्च किती? दोन लिंबं!

टाकी फार खाली असेल, तरीही हीच तक्रार येते. पाण्याला जोर उंचीमुळे मिळतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, म्हणजे दहा फुटांवरच्या टाकीला जेमतेम ०.३ बार. गिझर घेतानाच त्याला किती दाब लागतो, ते विचारून घ्या.

गंमत म्हणजे, पुढे अमेरिकेतल्या भाचीचा फोन आला. तिच्या अंगणात गरम पाण्याचा मोठा टब आहे. "मावशी, पडद्यावर 'फ्लो' असं येतंय आणि पाणी गार पडलंय." मी म्हटलं, "पाणी अडलंय गं, आधी वीज बंद कर आणि गाळणी बघ." गाळणी मळाने भरलेली निघाली. देश कोणताही असो, बंबाचा नियम तोच!

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं, तर निम्म्या जणींना गिझरचा गॅस कुठून बंद होतो, तेही माहीत नव्हतं. "ते ह्यांचं काम," म्हणे. पण पहाटे पाणी तापवतं कोण? पोरांना अंघोळ घालतं कोण? मग ते यंत्र कळायला नको का? मिस्त्री घाईत असतो, त्याला पुढच्या घरी जायचं असतं. आपल्याला मात्र त्याच घरात राहायचं असतं.

आणखी एक, फार महत्त्वाचं. गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नका. हवा कमी पडली, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं आणि मग माणूस पडतो. आतून कडी लावलेली असते, हाक मारायलाही कुणी नसतं. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

तेव्हा सख्यांनो, पुढच्या वेळी कुणी "डायरेक्ट करून देतो" म्हणालं, तर स्पष्ट सांगा, "नको दादा, आधी पाणी कुठे अडलंय ते बघा." थंड पाण्याची एक अंघोळ परवडली, पण रिकाम्या बंबाखालचा जाळ नको.