नागझिऱ्याच्या वेशीवर उत्पत्तीचा पहिला अध्याय

मासे, पाखरे आणि भूमीवर वावरणारे सगळे जीव यांच्यावर माणसाने सत्ता चालवावी, असे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले अठ्ठाविसावे वचन सांगते. जंगलतोडीचा आणि शिकारीचा परवाना माणसाला इथेच मिळाला, हा आक्षेप जुना आहे. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील लेखात तो ठामपणे मांडला आणि पुढे तो पर्यावरणाच्या चर्चेत रुळला. गंमत अशी की काही ख्रिस्ती मंडळींना त्यात वावगे काही दिसत नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्राप्रमाणे पृथ्वी एक दिवस जळूनच जाणार आहे, तेव्हा वाघाची काळजी सोडा, आत्म्याचे तारण बघा, असे त्यांचे म्हणणे. एक पक्ष बायबलला आरोपी ठरवतो, दुसरा परस्पर कबुलीजबाब देऊन मोकळा होतो. खोड दोघांची एकच. वचन अध्यायातून सुटे काढून वाचायचे.

अध्याय सलग वाचला तर काय दिसते? एकोणतिसाव्या वचनात माणसाला अन्न म्हणून बी देणाऱ्या वनस्पती आणि फळे नेमून दिली आहेत, तिसाव्यात पशुपक्ष्यांना हिरवा पाला. मांस खाण्याची मुभा मिळते ती थेट नवव्या अध्यायात, जलप्रलय ओसरल्यावर. ज्या सत्तेत प्रजेला मारून खाण्याचीही सोय नाही, ती लुटीची सनद कशी? फलद्रूप होण्याचा आशीर्वादही माणसाआधी, बाविसाव्या वचनात, जलचरांना आणि पाखरांना मिळालेला आहे. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. प्रलयानंतरचा करार देव एकट्या नोहाशी करत नाही, तारवातून उतरलेल्या प्रत्येक जिवाशी करतो.

हे सगळे गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलात किती खरे उतरते, ते एकशे चौथे स्तोत्र घेऊन पाहावे. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा महाराष्ट्राचा पाचवा व्याघ्रप्रकल्प ठरला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी इथे आणून सोडल्या गेल्या. स्तोत्रकर्ता दिवसाची वाटणी करतो. रात्र सिंहाच्या छाव्यांची, ते देवाकडे भक्ष्य मागत गर्जतात. सूर्य उगवला की ते गुहेत परततात आणि माणूस कामाला बाहेर पडून संध्याकाळपर्यंत राबतो. सूर्यास्तानंतर पर्यटकांना बंद होणारी नागझिऱ्याची फाटके हीच वाटणी पाळतात. ती मोडते तेव्हा काय होते, हे पहाटेच्या अंधारात मोह वेचायला निघणाऱ्या बाईला प्रवचनाशिवाय कळते. स्तोत्रात माणूस आहे, पण वेळापत्रकातला एक हिस्सेदार म्हणून.

व्हाइट यांचे म्हणणे सगळेच टाकाऊ नाही. ख्रिस्ती युरोपने हे वचन सोयीने वापरले, हे खरे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, ख्रिस्ती लोकांनी शास्त्राचा अर्थ कधीकधी चुकीचा लावला, हे मान्य केले आहे. शिवाय व्हाइट यांनी त्याच लेखात पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता म्हणून असिसीचा संत फ्रान्सिस सुचवला होता, हे त्यांचा दाखला देणारे बहुधा विसरतात. पण रोगाचे मूळ उत्पत्तीत शोधायचे, तर अरल समुद्राचे काय? कापसासाठी त्याच्या नद्या वळवून तो आटवणाऱ्या सोव्हिएत राजवटीला बायबलशी काही देणेघेणे नव्हते. मध्य प्रांतातले साग-साल रेल्वेच्या स्लीपरांसाठी तोडले गेले, तेव्हाही हिशेब महसुलाचा आणि मालवाहतुकीचा होता.

त्याच रेल्वेने मराठी ख्रिस्ती जगाला एक वाचकही दिला. नागझिऱ्याच्या उत्तरेने, तिरोडा-गोंदियावरून राजनांदगावकडे लोहमार्ग जातो. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले असताना गाडीत एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबल ठेवले. ‘डोंगरावरील प्रवचना’ने त्यांना धरून ठेवले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवचनात येशू शिष्यांना आकाशातली पाखरे आणि रानातली फुले निरखायला सांगतो. टिळक पुढे फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेले. सृष्टीकडे बघणे हा त्यांना श्रद्धेपासून तुटलेला छंद वाटला नाही.

आता ‘जळूनच जाणार’ या पक्षाकडे वळू. पेत्र त्याच पत्रात नोहाच्या काळाचा दाखला देतो. तेव्हाचे जग पाण्याने नाश पावले, असे तो म्हणतो. पण भूमी उरली, आणि नोहाला हुकूम होता तो जनावरे वाचवण्याचा. पत्राची अपेक्षा नीतिमत्त्व वसेल अशा नव्या पृथ्वीची आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तर सारी सृष्टी कण्हत मुक्तीची वाट पाहते. जिला मुक्ती मिळायची आहे, तिला रद्दी कसे समजायचे?

इथे तिसऱ्या पक्षालाही अडवले पाहिजे. जंगल वाचवायचे तर माणसे हाकला, असे मानणारे हिरवे प्रवचनकार हल्ली सगळीकडे आहेत. त्यांनी राजे ग्रंथातली नाबोथाची गोष्ट वाचावी. वाड्याला लागून भाजीचा मळा हवा म्हणून अहाब राजाने वाडवडिलांचा द्राक्षमळा मागितला, नाबोथ हटला नाही आणि खोट्या साक्षींवर मारला गेला. तेंदू आणि मोहावर वर्ष काढणाऱ्या गोंड कुटुंबांना २००६ च्या वनहक्क कायद्याने जे दिले, ते ‘संरक्षणा’च्या नावाने काढून घेणे हा अहाबाचाच मार्ग. बागेच्या राखणीत बागेजवळचा माणूस मोडतो, हे शास्त्राला मंजूर नाही.

वचन जगण्यात उतरते कसे, याचे मराठी उदाहरण वसईत आहे. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेच हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात पुढे होते. पाणी, शेतजमीन आणि बिल्डरांची दंडेली हे विषय त्यांनी चर्चच्या दाराबाहेर ठेवले नाहीत. पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

विदर्भातल्या मंडळ्यांना तर काळही अनुकूल आहे. उपवासकाळ आणि मोहाचा हंगाम साधारण एकाच वेळी येतात. झाडाखालचा पाला जाळून फुले वेचायची रीत आहे आणि त्यातून वणवे पेटतात. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना वनमजुरांचे प्राण गेले. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय नेमका यावर बोट ठेवतो. उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता, असा त्याचा ठपका आहे. नागपूर-गोंदियाच्या मंडळ्यांनी उपवासातून वाचलेल्या पैशांतून मोहाखाली पसरायच्या जाळ्या गावांना द्याव्यात, म्हणजे पाला जाळावा लागणार नाही. वणव्याशी झुंजणाऱ्या हंगामी मजुरांच्या विम्याची मागणी त्यांनी वनखात्याकडे लेखी न्यावी. मोह मार्चमध्ये गळू लागतो, म्हणून हा ठराव उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आत पाळकांच्या सभेपुढे यायला हवा.