दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत आणि फेरतपासणीची तयारी

रक्तदाबाची किंवा मधुमेहाची नियमित तपासणी आटोपली, की हल्ली अनेक कुटुंबे पिशवीतून एक लॅमिनेशन केलेला कागद काढतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, याची मुदत संपत आली आहे. आता पुन्हा बोर्डापुढे जावे लागेल का? टक्केवारी कमी झाली तर अनुदान बंद होईल का?’ हा प्रश्न औषधाचा नसला तरी आरोग्याचाच आहे, कारण घरातील दिव्यांग व्यक्तीची औषधे, मालिश करणाऱ्याचा पगार आणि दवाखान्यात जाण्या-येण्याचे भाडे पुष्कळदा याच कागदावर अवलंबून असते. म्हणून या अंकात फेरतपासणी आणि तिच्याशी जोडलेले आर्थिक हक्क यांविषयी लिहीत आहे.

प्रमाणपत्र कायमचे की मुदतीचे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात ते एकवीस झाले. वृद्धांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की पार्किन्सनचा आजार आता या यादीत स्पष्टपणे समाविष्ट आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. काही सवलती ८० टक्के व त्याहून अधिक, म्हणजे तीव्र दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठीच असतात.

प्रमाणपत्र दोन प्रकारचे असते. स्थितीत पुढे बदल होण्याची शक्यता नाही असे वैद्यकीय मंडळाचे मत असेल तर ते कायमचे दिले जाते. बदलाची शक्यता असेल तर मुदत घालून दिली जाते आणि ती प्रमाणपत्रावरच लिहिलेली असते. गुडघ्याखाली पाय काढावा लागला असेल तर तो पुन्हा उगवणार नाही. तेथे फेरतपासणीचे प्रयोजन नाही. पक्षाघात, मानसिक आजार, वाढत्या वयातील मुलांचे दिव्यांगत्व यांत मात्र सुधारणा किंवा घसरण दोन्ही संभवतात. तेव्हा मुदतीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे मंडळाने आपल्यावर अविश्वास दाखवला, असे समजण्याचे कारण नाही.

घरी गेल्यावर प्रमाणपत्र प्रथम हाती घ्या आणि त्यावरील मुदतीचा रकाना वाचा. यूडीआयडी ओळखपत्र आले म्हणजे आता काही करायचे उरले नाही, अशी समजूत सर्वत्र दिसते. परंतु मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तर केवळ ओळखपत्र हाती असून काम भागत नाही. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्रे स्वावलंबन या केंद्रीय संकेतस्थळावरूनच दिली जातात आणि नूतनीकरणाचा अर्जही तेथेच करायचा असतो. मुदत संपण्यापूर्वी तीन-चार महिने हे काम हाती घ्यावे. जिल्हा रुग्णालयात तपासणीचे वार ठरलेले असतात आणि गर्दी मोठी असते.

टक्केवारी कशी ठरते?

‘आमच्या आईला इतका त्रास आहे, तरी टक्के इतके कमी कसे?’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो. मंडळ आजाराचे नाव मोजत नाही. त्या आजारामुळे शरीराचे किंवा मनाचे कोणते कार्य किती उणावले आहे, ते मोजते. यासाठी केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना ठरवून दिल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये त्या सुधारण्यात आल्या.

काही उदाहरणे पाहू. एक डोळा पूर्णपणे गेला असला आणि दुसरा उत्तम असला, तर दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते. अशा व्यक्तीला ४० टक्क्यांच्या सवलती मिळत नाहीत. मोतीबिंदूमुळे कमी दिसत असेल तर आधी उपचार करून मग मोजमाप होते, कारण दृष्टी चष्मा लावून आणि अधिक चांगल्या डोळ्याची मुख्यतः विचारात घेतली जाते. पक्षाघातासारख्या मज्जासंस्थेच्या आजारांत तो झाल्यापासून सहा महिने उलटल्यावरच मोजमाप करतात, कारण तोवर नैसर्गिक सुधारणा वेगाने होत असते. मानसिक आजारात स्वतःची निगा, माणसांशी वागणे, संवाद व आकलन आणि कामकाज या चार अंगांना गुण देऊन टक्केवारी काढतात.

दोन प्रकारचे दिव्यांगत्व असेल तर आकड्यांची साधी बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात, लहान आकड्याचा ठरावीक सूत्राने काढलेला काही भाग मिळवतात. समजा, एका डोळ्याचे ३० टक्के आणि पायाचे २० टक्के आहेत. बेरीज ५० होते. सूत्राने मात्र ती सुमारे ४३ येते. तरीही ती ४० च्या वर जाते हे ध्यानात घ्या. सुटा पाहता एकही आकडा पुरेसा नव्हता, एकत्रित मोजमापाने व्यक्ती पात्र ठरली. म्हणून अर्ज करताना केवळ मोठ्या व्यंगाचाच उल्लेख करू नका. ऐकू कमी येत असेल, दृष्टी अधू असेल तर तेही नोंदवा.

सुधारण्याची भीती

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या मुद्द्याकडे येतो. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ साठीच्या आत पक्षाघाताने उजव्या बाजूने लुळे झाले. दीड वर्षाच्या नेटाच्या व्यायामाने ते काठीच्या आधारे अंगणापर्यंत जाऊ लागले. मग अचानक प्रगती थांबली. खांदा आखडला, बोटे मिटू लागली. विचारता विचारता उलगडा झाला, की फेरतपासणी जवळ आल्याने ‘फार बरे दिसायला नको’ म्हणून घरच्यांनी व्यायामच थांबवला होता. त्यात लबाडी नव्हती. महिन्याला येणाऱ्या रकमेवर त्या घराचे किराणा सामान येत होते, त्यामुळे ही भीती मला समजली.

सुधारणेमुळे टक्केवारी ४० च्या खाली गेली तर लाभ थांबू शकतो, हे सत्य मी लपवणार नाही. परंतु व्यायाम थांबवल्यावर काय होते तेही पाहा. आखडलेला सांधा फेरतपासणीनंतर पुन्हा मोकळा होईलच असे नाही. बिछान्यावर पडून राहणाऱ्या वृद्धाला पाठीवर जखमा होतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. रुग्णालयातील एका आठवड्याचे बिल वर्षभराचे अनुदान गिळून टाकते; आणि स्वतःच्या पायांनी शौचालयापर्यंत जाण्यातले समाधान कोणत्याही अनुदानात मिळत नाही. शिवाय मंडळ स्नायूंची ताकद, ताठरपणा, तोल आणि दैनंदिन कामे यांची तपासणी करते. काठीने चार पावले टाकता आली म्हणून हाताचा लुळेपणा नाहीसा झाला, असे कोणी धरत नाही. त्या कुटुंबाला मी हेच सांगितले आणि व्यायाम दुसऱ्या दिवसापासून सुरू करवले.

याच्या उलट प्रकारही तितकाच हानिकारक आहे. आपल्या पिढीतील ज्येष्ठ परक्यापुढे त्रास सांगायला संकोचतात. तपासणीच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून, ताठ बसून ‘मला काही होत नाही, सगळे माझे मी करतो’ असे सांगतात. प्रत्यक्षात सदऱ्याची बटणे सुनेने लावलेली असतात. येथे शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची साक्ष मोलाची ठरते. तपासणीपूर्वी पंधरा दिवस एका वहीत रोज नोंद करा : आंघोळीला कोणाची मदत लागली, किती वेळा तोल गेला, रात्री किती वेळा उठवावे लागले, घास भरवावा लागला का. वाढवून लिहू नका, लपवूही नका. खोट्या माहितीवर लाभ घेणे हा या कायद्याने गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

माझ्यासारखा खासगी डॉक्टर हे प्रमाणपत्र देऊ शकत नाही. परंतु आजार केव्हा सुरू झाला, कोणते उपचार झाले, सध्या कोणती औषधे चालू आहेत, हे एका पानावर लिहून देणे आमचे काम आहे. तसा सारांश मागून घ्यावा. त्यासोबत जुने प्रमाणपत्र, स्कॅनचे अहवाल, रुग्णालयातून सुट्टी मिळतानाचा कागद, आधार आणि छायाचित्रे न्यावीत. चष्मा, श्रवणयंत्र, काठी रोज वापरत असाल तर तपासणीलाही नेलीच पाहिजे.

निर्णय मान्य नसेल तर अधिनियमाच्या कलम ५९ नुसार अपील करता येते. त्याला मुदतीचे बंधन असल्याने कागद हाती येताच लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

कोणता हक्क कशावर अवलंबून?

*मासिक अनुदान.* संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांखालील व्यक्तींसाठी आहे. ६५ नंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना लागू होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या योजनांतील दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला. येथे दिव्यांगत्वासोबत उत्पन्नाचीही पडताळणी होते. हयातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांतील एकही राहिला तर रक्कम थांबते आणि कुटुंबाला वाटते की टक्केवारीमुळे थांबली. म्हणून अनुदान खंडित झाल्यास प्रथम तहसील कार्यालयात कारण विचारा आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री करा.

*आयकर.* करदाता स्वतः दिव्यांग असेल तर १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०यू, आणि अवलंबून असलेले पती-पत्नी, अपत्ये, आई-वडील किंवा भावंडे दिव्यांग असतील तर कलम ८०डीडी. वजावट ७५,००० रुपयांची. ८० टक्के व अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची. प्रत्यक्ष खर्च कमी-अधिक झाला तरी ही रक्कम ठरलेली असते, मात्र ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते. मुदतीच्या प्रमाणपत्राबाबत नियम उदार आहे : ते ज्या आर्थिक वर्षात संपते त्या पूर्ण वर्षाची वजावट मिळते. जून २०२५ मध्ये मुदत संपली असेल तर २०२५-२६ ची वजावट मिळेल, २०२६-२७ साठी नवे प्रमाणपत्र लागेल. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे कर सल्लागाराशी बोलताना लक्षात असावे.

*कुटुंब निवृत्तिवेतन.* केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याचे अपत्य दिव्यांगत्वामुळे उपजीविका करू शकत नसेल, तर त्याला आई-वडिलांच्या पश्चात आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. दिव्यांगत्व कायमचे असेल तर प्रमाणपत्र एकदाच, तात्पुरते असेल तर दर पाच वर्षांनी द्यावे लागते. आई-वडील हयात असतानाच त्या अपत्याचे नाव निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत नोंदवून घ्यावे. ‘आमच्यामागे याचे कसे होणार’ या काळजीवर हा फार मोठा उतारा आहे. राज्य शासनाच्या निवृत्तांनी आपल्या कोषागारात याची चौकशी करावी.

*पालकत्व आणि विमा.* स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो.

*प्रवास आणि स्थानिक निधी.* ज्येष्ठांची रेल्वे भाडे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, परंतु ठरावीक प्रवर्गांतील दिव्यांगांची चालू आहे. त्यासाठी रेल्वेचे वेगळे ओळखपत्र लागते. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. आपल्या गावात तो कशावर खर्च होतो, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

शेवटी एक सावधगिरी. ‘तुमच्या दिव्यांग पेन्शनची पडताळणी बाकी आहे, ओटीपी सांगा’ असा दूरध्वनी आला तर बोलणे तेथेच थांबवा. पडताळणीसाठी ओटीपी दूरध्वनीवर कोणालाही सांगू नका. बोर्डातून टक्केवारी वाढवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा.

या आठवड्यात एवढे करा : घरातील दिव्यांग व्यक्तीचे प्रमाणपत्र काढा, त्यावरील मुदत भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या महिन्याच्या चार महिने आधी ठळक अक्षरांत लिहा आणि सर्व कागदांची एक प्रत घरातील दुसऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. आणि व्यायामाची वेळ झाली असेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी तो करवून घ्या.