मुखपट्टी : कोणती, केव्हा आणि कोणासाठी?

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने भारतातील पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा पुणे व पिंपरी-चिंचवडमधील औषधांच्या दुकानांतून मुखपट्ट्या पाहता पाहता दिसेनाशा झाल्या. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत, त्यांनी हातरुमाल व ओढण्या बांधल्या. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्णही पुण्यातच आढळले आणि पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयावर मोठा भार आला. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्या विषाणूने पुन्हा चिंता निर्माण केली. साथी येतात, ओसरतात; मुखपट्टीविषयीचा वाद मात्र आपल्या घरांत आणि धर्मग्रामांत अजून मिटलेला नाही. ‘तिचा काहीच उपयोग नव्हता’ असे काही जण ठामपणे सांगतात, तर काहींना कोणतेही फडके पुरेसे वाटते. ही दोन्ही मते तपासून पाहणे आवश्यक आहे.

बोलताना, खोकताना, गाताना आपल्या तोंडावाटे लहानमोठे थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब लवकर खाली बसतात. अतिसूक्ष्म थेंब मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. कापडी मुखपट्टी मोठ्या थेंबांना बऱ्यापैकी अडविते, सूक्ष्म थेंबांना कमी. सर्जिकल मुखपट्टीचे कापड अधिक चांगले गाळते. परंतु गालांजवळ राहणाऱ्या फटींतून हवा आतबाहेर होते. एन-९५ मुखपट्टी ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडविते. विषाणू छिद्रांहून लहान असतो, मग तो अडणार कसा, असा प्रश्न विचारला जातो. मुखपट्टीचे काम पिठाच्या चाळणीसारखे नसते. तिच्या तंतूंवर विद्युतभार असतो आणि जवळून जाणारे कण त्या तंतूंना चिकटतात. साबणाने धुतल्यास हा भार नाहीसा होतो. म्हणून एन-९५ धुऊन वापरू नये. दाढीमुळे ती चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, हे आम्हा दाढीधारी धर्मगुरूंनीही ध्यानात ठेवावे.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून धुळीपासून संरक्षणासाठी मिळणाऱ्या काही मुखपट्ट्यांना पुढे लहानशी झडप असते. तिच्यातून उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो. ती घालणाऱ्याचे रक्षण करते. मात्र घालणारा स्वतःच आजारी असेल, तर समोरच्याचे नाही. याच कारणास्तव जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा मुखपट्ट्यांबाबत राज्यांना सावध केले होते.

मग संशोधनांचे निष्कर्ष परस्परविरोधी का वाटतात? बांगलादेशातील सुमारे ६०० गावांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्जिकल मुखपट्ट्या वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला कोविड सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला. साठीपुढील व्यक्तींमध्ये ही घट सुमारे ३५ टक्के होती. कापडी मुखपट्टीचा स्पष्ट लाभ सिद्ध झाला नाही. आकडा लहान वाटतो, पण प्रचारानंतरही जेमतेम ४२ टक्के लोक मुखपट्टी नीट वापरत होते, हे विसरता कामा नये. जानेवारी २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याचा अर्थ ‘मुखपट्टी निरुपयोगी’ असा अनेकांनी लावला. त्या संस्थेच्या मुख्य संपादकांनी मार्चमध्ये खुलासा केला, की तो अर्थ चुकीचा असून उपलब्ध पुराव्यावरून निश्चित निष्कर्ष निघत नाही. येथे दोन वेगळे प्रश्न आहेत. वस्तू कण गाळते काय? होय, निश्चितच. लोकांना ती घालण्यास सांगितल्याने साथ रोखली जाते काय? ते तिच्या दर्जावर आणि आपल्या वागण्यावर अवलंबून असते.

पिंपरीची ओळखच मुळी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सशी जोडलेली. तरीही प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. सर्दी-खोकल्यासाठी त्या गोळ्या मनानेच घेण्यापेक्षा प्रतिबंध बरा. परंतु ‘आजारी असाल तर घरी राहा’ हा उपदेश सर्वांना सारखाच पाळता येत नाही. कंत्राटी कामगाराची एक सुट्टी म्हणजे एका दिवसाची मजुरी. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील आजारी आजीला वेगळे ठेवायचे तरी कोठे? अशा घरात खोकणाऱ्याने आणि शुश्रूषा करणाऱ्याने घातलेली चांगली मुखपट्टी, तसेच उघडी खिडकी, हाच परवडणारा आधार असतो.

धर्मग्रामांना यातून काही गोष्टी सहज करता येतील. मिस्साच्या वेळी चर्चची दारेखिडक्या उघडी ठेवावीत. प्रवेशद्वारापाशी मुखपट्ट्यांचा डबा असावा. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेऊन देणाऱ्यांनी साथीच्या काळात बिनझडपेची एन-९५ वापरावी. ताप-खोकला असणाऱ्याने रविवारी घरी राहण्यात पाप नाही. गंभीर कारण, जसे की आजारपण, असल्यास मिस्साच्या बंधनातून सूट आहे, ही ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे.

आणि जो मुखपट्टी घालून बाकावर बसला आहे, त्याची चेष्टा करू नये. कदाचित त्याच्या घरी कर्करोगाचा रुग्ण असेल. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये लसीकरणाला प्रेमाचे कृत्य म्हटले होते. दुर्बल शेजाऱ्यासाठी तोंडावर बांधलेली पट्टी त्याच प्रेमाची लहानशी खूण आहे.