मालमत्तेचे ऑनलाइन वाटेकरी आणि पनवेलची जमीन

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी विमाने उडू लागली आणि पनवेलच्या जमिनीला भाव चढण्याचे आणखी एक निमित्त मिळाले. निमित्तांची या तालुक्याला वानवा नाहीच. २०१३ मध्ये 'नैना' क्षेत्र जाहीर झाले, २०१६ मध्ये महापालिका आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. आता एकेकट्याला न परवडणारी मालमत्ता शेकडो अनोळखी लोकांनी संकेतस्थळावरून पैसे जमवून घ्यायची, ही कल्पना रुजू पाहत आहे. मात्र कायद्याने मान्य केलेली सामाईक मालकी आणि पनवेलमध्ये प्रत्यक्ष विकला जाणारा माल यांत मोठे अंतर आहे.

प्रारंभी अशी संकेतस्थळे प्रत्येक इमारतीसाठी एक खासगी कंपनी स्थापन करीत आणि गुंतवणूकदाराला तिचे समभाग व रोखे देत. किमान रक्कम साधारणतः १० ते २५ लाख रुपये असे. भाडे येई, पण बाहेर पडायचे तर गिऱ्हाईक कोण शोधणार, मालमत्तेची किंमत कोण ठरविणार, याचे उत्तर संकेतस्थळाच्याच हाती होते. मे २०२३ मध्ये 'सेबी'ने यावर चर्चापत्र काढले आणि मार्च २०२४ मध्ये लघु व मध्यम 'रीट'चे नियम लागू केले. त्यानुसार योजनेची मालमत्ता किमान ५० कोटी व ५०० कोटींहून कमी असावी, गुंतवणूकदार किमान २०० असावेत, प्रत्येकाची रक्कम किमान १० लाख असावी आणि युनिटची शेअर बाजारात नोंदणी व्हावी, असे ठरले. या मार्गाने आलेली पहिली योजना डिसेंबर २०२४ मधील ३५३ कोटींची; तिची इमारत बंगळुरूची होती.

पनवेलच्या दृष्टीने कळीची अट वेगळीच आहे. योजनेतील किमान ९५ टक्के पैसा पूर्ण बांधलेल्या आणि भाडे देणाऱ्या मालमत्तेतच गुंतवावा लागतो. अर्धवट इमारत, मोकळा भूखंड यांना तेथे थारा नाही. पनवेलमध्ये विकले जाते ते मुख्यतः उद्याचे आश्वासन! नगररचना योजनेतला भूखंड, साडेबारा टक्क्यांच्या जमिनीवर उभा राहणारा प्रकल्प, बिनशेती होऊ घातलेले शेत. शेतजमीन तर बिगरशेतकऱ्याला साधारणतः घेताच येत नाही. तेव्हा अशा मालाचे वाटे कोणी ऑनलाइन विकू लागला, तर ते या नियमांच्या कक्षेबाहेरचे ठरतात. शिवाय नोंदणीशिवाय सामूहिक गुंतवणूक योजना चालविण्यास सेबी कायद्याची मनाई आहे. 'महारेरा'चा क्रमांक प्रकल्पाचा असतो. पैसे गोळा करण्याचा तो परवाना नव्हे.

अमेरिकेत हा व्यवसाय जुना, नियमही अधिक मुरलेले. तरीही २०२२ मध्ये अटलांटा आणि मायामी बीच येथील इमारतींसाठी ८०० हून अधिक लोकांनी एका प्रसिद्ध संकेतस्थळावरून दिलेले सुमारे सहा कोटी डॉलर विकासकाने दुसरीकडे वळविले. व्यवहार पूर्ण होण्याआधीच पैसा त्याच्या ताब्यातील खात्यात पोहोचला होता. २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

ज्यांना दहा लाख अडकवायचे नाहीत, त्यांच्यासाठी मोठ्या 'रीट'चे युनिट बाजारात सुटे मिळते. ऐरोलीतील कार्यालयसंकुले त्यांपैकी एकाच्या मालकीची आहेत. दहा लाखांची अट सामान्यांना दूर ठेवण्यासाठीच आहे आणि ती योग्य आहे. पण भूसंपादनाच्या वा भूखंडविक्रीच्या पैशामुळे दहा लाख ज्यांच्या आवाक्यात आले, अशी कुटुंबे पनवेल-उरणात कमी नाहीत. त्यांच्यासाठी ही अट भिंत ठरत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांच्या पाठीशी पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा होता. इमारतीतील वाट्याला असा विमा नाही.