माळशिरस : १९ महिन्यांत दुष्काळही आणि मे महिन्यातला पूरही, पीक नियोजन कसे करावे?

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात माळशिरस होता. जून २०२४ मध्ये उजनी धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेले. म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातले पाणी वापरावे लागले. ऑगस्टमध्ये तेच धरण भरले. मे २०२५ मध्ये पावसाळ्याआधीच माळशिरस, फलटण, बारामती, इंदापूर भागात अतिवृष्टी झाली आणि नीरेला पूर आला.

नेमके काय बदलते आहे?

तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे उघडीप पडली की जमीन लवकर सुकते आणि पाऊस आला की कमी वेळात धो धो पडतो. वर्षाची सरासरी ठीक दिसली तरी पिकाला हवे तेव्हा पाणी मिळेलच असे नाही. दोन-तीन एकरवाल्याला याचा फटका जास्त बसतो, कारण त्याचे सगळे भांडवल एकाच पिकात अडकलेले असते.

आपल्या पिकांवर परिणाम

- आडसाली ऊस : जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला ऊस १६ ते १८ महिने रानात राहतो. मध्ये एक पूर्ण उन्हाळा येतो. लागणीवेळी धरण भरलेले असले तरी त्या उन्हाळ्याच्या आवर्तनांची ती हमी नाही.
- डाळिंब : मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये बागेला ताण देतात. मेमध्येच पाऊस झाला की ताण तुटतो, फुले एकसारखी निघत नाहीत आणि तेल्याचा धोका वाढतो.
- रब्बी ज्वारी : पिलीवकडच्या कोरडवाहू पट्ट्यात हे पीक जमिनीतल्या ओलीवरच येते. जोराचा पाऊस वाहून गेला तर ओल साठत नाही.

पश्चिम आफ्रिकेतला धडा

बुर्किना फासो आणि नायजरमधले लहान शेतकरीही ज्वारी-बाजरीच पिकवतात. १९७०च्या दशकातल्या दुष्काळांनंतर त्यांनी ‘झाई’ ही जुनी पद्धत सुधारून वापरली. उन्हाळ्यात रानात वीत-दीड वीत रुंदीचे खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचे आणि पाऊस पडला की तिथेच पेरायचे. पडेल तिथे पाणी मुरवणे, हेच त्यामागचे तत्त्व. रब्बी ज्वारीसाठी आपल्याकडे शिफारस केलेले बंदिस्त वाफे याच तत्त्वावर चालतात.

तुम्ही काय कराल?

१. सगळे क्षेत्र उसाखाली नेऊ नका. मे महिन्यात तुमची विहीर किंवा बोअर जेवढे रान भिजवू शकते, तेवढाच ऊस ठेवा. पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा.

२. रब्बीच्या रानात जुलैपासूनच सुमारे १० × १० मीटरचे वाफे पाडा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरका. हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा आणि भारी जमिनीत फुले वसुधा किंवा पाण्याची सोय असेल तर फुले रेवती घ्या.

३. ज्वारीला तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करा. भेगा बुजतात आणि ओल टिकते.

४. बागेत निचऱ्याचे चर मे उजाडण्याआधी काढा.

५. वळवाच्या पावसावर खरिपाची पेरणी करू नका. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वाफसा आल्यावरच करा. २०२५ मध्ये मान्सून लवकर आला खरा, पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रखडला.

यापुढे रान निवडताना दोन प्रश्न विचारा : पाणी नसेल तर हे पीक तगेल का? आणि जास्त झाले तर पाणी बाहेर जाईल कुठून? दोन्हींची उत्तरे मिळाली, तरच बियाणे आणा.