नदीने सोडलेली जागा

वालेन्सियात पूल आहेत, पण त्यांच्याखाली पाणी नाही. त्रिनिदाद पूल १४०२ सालचा, तिथला सगळ्यांत जुना. शनिवारी सकाळी त्याच्या दगडी कमानींखालून सायकली सुसाट जात होत्या. जरा पुढच्या मैदानात पोरांचा फुटबॉल रंगला होता आणि एक आजोबा त्यांना बाहेरून जोरजोरात सूचना देत होते.

शाळेत रुजू झाल्यानंतरची माझी ही पहिलीच सुटी. मी इंग्रजी शिकवते ते गाव वालेन्सियाच्या दक्षिणेला, मेट्रोने जवळच आहे. शहरात काय पाहू, असं शुक्रवारी स्टाफरूममध्ये विचारलं, तर कॅथेड्रल, जुना रेशीमबाजार, कालात्राव्हा यांची पांढरीशुभ्र विज्ञाननगरी अशी यादीच तयार झाली. इतिहासाच्या बाई मात्र म्हणाल्या, ‘आधी पात्रात उतर. बाकीचं जाता जाता दिसेलच.’

१४ ऑक्टोबर १९५७ ला तुरिया नदीला महापूर आला. ऐंशीच्या वर माणसं दगावली, निम्मं शहर चिखलात गेलं. पानशेतच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पुणेकराला ही तारीख लगेच जवळची वाटते. आपला १२ जुलै १९६१ त्यानंतर चार वर्षांच्या आतच उजाडला. वालेन्सियात सरकारने नदीच हलवली. शहराच्या दक्षिणेकडून नवं रुंद पात्र खणून तुरियाला तिकडे वळवलं आणि भर शहरातलं जुनं पात्र मोकळं झालं. तिथून मोटाररस्ता न्यायचा बेत होता. फ्रँकोच्या राजवटीचा तो अखेरचा काळ, उघड बोलणं सोपं नव्हतं. तरी लोक अडून बसले: पात्र आमचं आहे, आणि आम्हाला ते हिरवं हवंय. १९७६ मध्ये ती जागा शहराच्या ताब्यात आली. १९८६ पासून एकेक टप्पा खुला होत गेला. आज ही बाग जवळपास नऊ किलोमीटर लांब आहे.

या शहरातलं सगळ्यांत मोठं काम मला हेच वाटतं. विज्ञाननगरी डोळे दिपवते, तीही याच पात्रात उभी आहे. पण तिच्या आधी ही जागा वाचली, म्हणून ती तिथे आहे. मुठेच्या पात्रातल्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं ये-जा केली आहे. दुसरं काही होऊ शकलं असतं, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं. इथे संत्र्याच्या झाडांखालून चालताना ते सारखं येत राहिलं.

दुपारी मध्यवर्ती मंडईत गेले. इमारत १९२८ ची, घुमटाखाली मासळी, केशर, हॅमच्या टांगलेल्या तंगड्या. एका बाईंनी न मागताच तळहातावर चुफाचे दोन दाणे ठेवले. वाटाण्याएवढे, तपकिरी, सुरकुतलेले. चावले की आधी नुसता चोथा लागतो, मग हळूहळू ओल्या खोबऱ्यासारखा गोडवा सुटतो. हे गवताच्या मुळांशी लागणारे कंद. भिजवून, वाटून, गाळून त्यांचं ओर्चाता हे गार पेय करतात. आपला लव्हाळा याचाच भाऊबंद. महापुरातही तगून राहणाऱ्या लव्हाळ्याचा हा जातभाई इथे शेतात मुद्दाम लावतात, याचा मला फार आनंद झाला.

रविवारी दुकानं बंद, आणि सगळं शहर पात्रात. गलिव्हरच्या आडव्या पडलेल्या प्रचंड पुतळ्यावर लिलिपुटची माणसं वाटावीत अशी मुलं चढत होती, त्याच्या कोटावरून घसरत होती. तिकीट वगैरे काही नाही.

सोमवारी इतिहासाच्या बाईंना हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. २९ ऑक्टोबर २०२४ ला ढगफुटी झाली, तेव्हा नव्या पात्राने शहराला वाचवलं. पण त्याच्या दक्षिणेच्या गावांत पोयो नावाच्या ओढ्याचं पाणी घुसलं. वालेन्सिया प्रांतात दोनशेवर माणसं गेली. माझ्या वर्गातल्या मुलांनी ती रात्र पाहिलेली आहे. तीन दिवसांनी, १ नोव्हेंबरला, शहरातून हजारो लोक खांद्यावर फावडी आणि झाडू घेऊन नव्या पात्रावरच्या पादचारी पुलावरून चालत या गावांकडे आले. चिखल उपसायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

शहर पाहायचं तर हाही काठ पाहायला हवा. पुढच्या शनिवारी मेट्रो न घेता त्या पुलावरून चालत जाणार आहे. बाई सोबत येताहेत. त्यांची आई त्याच वाटेवरच्या गावात राहते आणि जेवण तिच्याकडेच आहे.